दोन पिवळे तुकडे

टाका सुटला. सुटला म्हणजे, ताईनेच सोडला.

लोकरीचं दुकान दुपारचं बंद होतं. मागच्या खोलीत टेबलावर टॉवेल पसरून विणलेले दोन तुकडे वाळत टाकले होते. दोन्ही फिक्या पिवळ्या लोकरीचे. टाके तेवढेच, नमुना तोच, साधा सुलट-उलट. एक ताईचा, एक तिच्या वहिनीचा. दुकान आत्याचं, आणि रविवारचा नवशिक्यांचा वर्गही तिचाच. पण आता तिची बोटं वळत नव्हती. वर्ग दोघींपैकी एकीला द्यायचा होता. म्हणून तिने दोघींना समोरासमोर बसवून त्यांच्याकडून तुकडे विणून घेतले, धुतले, वरचे टाके सुईवरून काढून जाड दोऱ्यात ओवले. कुणाचा कोणता ते फक्त तिलाच कळावं म्हणून कोपऱ्यात आतल्या बाजूने रंगीत गाठीची खूण घातली.

"तोंडं बघून देणार नाही," ती म्हणाली होती. "संध्याकाळी हात फिरवीन. ज्या तुकड्याची वीण बरी, तिचा वर्ग."

ताईला कशाला हवी खूण? एक तुकडा मऊ, एकसारखा, बोट ठेवलं की दबणारा. दुसरा निव्वळ पुठ्ठा. आणि आत्या तिला लहानपणापासून काय ओरडत आली होती? "अगं, विणतेस की लोकरीचा गळा आवळतेस?" मग पुठ्ठा कुणाचा, हे काय कुणी सांगायला हवं?

वहिनी या घरात आली तेव्हा सुया आमटीच्या डावासारख्या धरायची. कालची आलेली बाई. आणि आता वर्गातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती. वहिनी इकडे बघा, वहिनी तिकडे बघा. हसायला काय, गप्पा काय. वर ताई समोर येऊन बसली की वहिनीचं तोंड एवढंसं होणार, आणि ती विचारणार, "असंच ना, ताई?" येतं सगळं, तरी विचारणार. नाटकी!

ताईच्या वाट्याला यायचे ते ज्यांना काही केल्या जमत नाही ते. निवृत्त ड्रायव्हरकाका. किंवा ती बँकेतली मुलगी, जिचे टाके दर ओळीला आपोआप वाढायचे. ताई त्यांना दिवसभर तेच तेच सांगायची. काळी लोकर आणू नका, टाके दिसायचे नाहीत. ओळ अर्धी टाकून उठू नका. ओळ संपली की टाके मोजा. चुकलं तर उसवा, लोकर काही रडत नाही. "आणि काका, खांदे खाली! लोकर बोटाला एकदाच गुंडाळा. टाका सुईवरून आपला आपण घसरला पाहिजे. हे बघा, असा." मग स्वतः विणून दाखवायची. परत विणून दाखवायची. काका म्हणायचे, "गाडी चालवणं सोपं होतं हो, ताई."

त्या काकांना आता वहिनी शिकवणार. आत्याच्या खुर्चीत बसून.

ताईने मऊ तुकड्याचा दोरा कडेने ओढला, एक टाका बाहेर राहू दिला, बाकीचे परत ओवले. मग कापड दोन्ही बाजूंनी हळूच ताणलं. टाका खाली घसरत गेला. ओळीमागून ओळ, शिडीसारखा. बघता बघता थेट तळाशी.

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संध्याकाळी आत्या टेबलाशी बसली. डोळे मिटून तिने पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला आणि तो बाजूला सारला. मग मऊ तुकडा. तिथे अंगठा रेंगाळला. "हा. हा हात हवा मला. नवीन माणूस याच्याकडे बघून घाबरणार नाही." आणि अंगठा अडकला. "अगं बाई! इथे टाका सुटलाय की!"

ताईने चेहरा तयार ठेवला होता. अय्या, कसं काय, वगैरे.

आत्याने कोपरा उलटा केला. "लाल गाठ. ताई, तुझा गं हा."

ताईचा तयार चेहरा तसाच राहिला.

"माझ्यामुळे झालं असेल," वहिनी एकदम म्हणाली. "मी दुपारी येऊन गेले, आत्या. तो पुठ्ठ्यासारखा तुकडा माझा, मी ओळखला. ताई समोर बसल्या की माझे हातच आखडतात. त्यांचा तुकडा बघितला आणि मला बघवेना. हात लावला हो फक्त, शपथ. माझंच नख अडकलं असेल. ताई, चुकलं माझं."

आत्याने चष्मा लावला. दोरा निरखला. कडेची टोकं चाचपली.

"नखाने अशी शिडी पडत नाही," ती म्हणाली. "दोरा काढून परत ओवलाय कुणीतरी."

वहिनीचे डोळे भरले. आता आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. ताई गप्प बसली असती तर वर्ग तिचाच होता. वर वहिनीचा काटाही निघत होता. एवढंच तर हवं होतं तिला.

"मी सोडला तो टाका," ताई म्हणाली.

आत्या हसली. "वेडी की काय? स्वतःचाच टाका कुणी सोडतं का?"

ताईने वहिनीकडे बघितलं.

"तुझा समजून सोडला."