पितळी इंजिन

मुलुंडच्या घरी मागच्या पडवीत, वडिलांच्या छोट्या लेथवर आठ महिने खपून मृणालिनीने पितळेचं वाफेचं इंजिन बनवलं. तिच्या नवऱ्याने, श्यामसुंदरने, ते घाटकोपरच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावावर मांडलं आणि चांदीचा कप घरी आणला.

"बाईचं नाव लावलं असतं, तर कोणी ढुंकून तरी पाहिलं असतं का गं?" तो म्हणाला.

त्याचा कप पुसताना मृणालिनी रोज दात आवळायची. महिन्याभरात तिने दुसरं इंजिन करायला घेतलं.

पुढच्या वर्षी, छप्पन्न साली, श्यामसुंदर तेही घेऊन गेला. भरल्या सभागृहात परीक्षक म्हणाले, "झकास! जरा बॉयलरचं झाकण उघडून दाखवा."

त्याने झाकण फिरवलं. हलेना. रुमाल गुंडाळून जोर लावला, तसं ते आणखीच घट्ट बसलं. त्याला घाम फुटला.

"तुम्हीच बनवलंत ना?" परीक्षकांनी विचारलं.

बायकांच्या रांगेतून मृणालिनी उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,


"अहो, दुसऱ्या बाजूला फिरवा. या खेपेला आटे मी मुद्दाम उलटे पाडलेत."