मुळीला सांगायचं कारण

बाटली बोटभर उंचीची होती, रुंद तोंडाची. झाकणावर धूळ इतकी सारखी बसली होती, की चौदा महिन्यांत तिला कुणी हात लावलेला नाही हे ओळखायला विज्ञानाची शिक्षिका असण्याची गरज नव्हती. कांता विज्ञानाचीच शिक्षिका होती. लेबलावर ‘पतीचे नाव’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढची रेघ अजून कोरी होती. तिने बाटली परत चहाच्या डब्यामागे ठेवली. मुद्दाम तिथेच. घरातला सकाळचा पहिला चहा तिचे पती गुणवंतराव करायचे.

बाहेर सायकलची घंटी दोनदा वाजली. रविवार होता, शाळेला सुट्टी होती, म्हणून या वर्षी कांताही नवऱ्याबरोबर जंगलातलं औषध देणाऱ्या लालसूच्या गावाला निघाली होती. ओसरीवर सासूबाई, गिरजाबाई, धान पाखडत होत्या.

“जाऊन या,” त्या सुपावरची नजर न काढता म्हणाल्या. “बुधवारी मी आरमोरीले जातो. भावाच्या पोरीचं गुणवंतासंगं पक्कं करून येतो. तू बी राहाजो वं कांता, तुले कोन काढून राह्यलं?”

कांताने पिशवी खांद्याला लावली. ती कॅरिअरवर बसली.

लग्नाला सात वर्षं झाली होती. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा तपासलं, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं आणि नवऱ्याच्या तपासणीसाठी तिच्या हातात ही बाटली दिली. गुणवंतरावांनी बाटलीकडे पाहिलं आणि ‘सध्या मिलमध्ये सीझन आहे’ म्हणाले. राइस मिलचा तो सीझन त्यानंतर संपलाच नाही. औषधांना मात्र त्यांची ना नव्हती. गोखरूचं चूर्ण झालं, कुहिलीच्या बिया दुधात शिजवून झाल्या, अश्वगंधा झाली. तीन हिवाळे लालसूची पांढरी मुसळी झाली. चूर्णाच्या पुडीवर नाव लिहावं लागत नाही.

लालसू म्हातारा होता, काटक, कमी बोलणारा. मुसळीची पानं दिवाळीच्या आधीच वाळून मातीत मिसळतात, म्हणून तो पावसाळ्यातच शेजारच्या झुडपांना लाल दोरा बांधून ठेवायचा. कांताला ही पद्धत फार आवडली. नोंद ठेवल्याशिवाय खोदायचं नाही.

त्याचा आणखी एक रिवाज होता. ज्याला औषध घ्यायचं, त्याने दोऱ्याखालच्या मातीवर हात ठेवायचा आणि मुळीला कारण सांगायचं. मोठ्याने. मगच त्याची सब्बल, खोदायची पहार, जमिनीला लागायची.

आजही लाल दोऱ्यापाशी गुणवंतराव उकिडवे बसले. मातीवर पंजा ठेवला.

“ताकदीसाठी,” ते म्हणाले.

लालसूने सब्बल उचलली नाही. “दरसाली हेच सांगता, भाऊ. भेटली का ताकद?”

“भेटली न. क्विंटलचं पोतं एकटा उचलतो मी.”

“मंग मुळीनं तं आपलं काम केलं. आता कायले खोदू?”

कांताने पदर तोंडाला लावला. हसू तरीही बाहेर आलंच. गुणवंतरावांचे कान लाल झाले.

“लेकरू पाह्यजे,” ते मातीकडे बघत म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा मुळीला खरं कारण कळलं.

“आता बोलले. तपासलं का?”

“तपासलं. तीनदा. सारं बरोबर आहे.”

“कोनाचं?”

“इचं.”

लालसूने एकदा कांताकडे पाहिलं, एकदा गुणवंतरावांकडे. मग तो मांडी घालून आरामात खाली बसला, आणि त्याचे उरलेसुरले चार दात दिसले.

“म्हंजे तपासलं बाईले, अन् दवा खाऊन राह्यले तुमी. अन् कमी कुठी आहे, ते मुळीनं हुडकावं?” तो दोऱ्याला बोट लावून म्हणाला, “खाली काय आहे ते ठाऊक असल्याबिगर मी सब्बल मारत नाई, भाऊ. पाहून या पयले. मुळी कुठी पळून नाई राह्यली.”

सब्बल खांद्यावर टाकून तो चालायला लागला. जाता जाता त्याने पिकलेली दोन सीताफळं कांताच्या पिशवीत टाकली.

परतीच्या वाटेवर गुणवंतराव जोरजोरात पेडल मारत होते. चढावरही उतरले नाहीत. कांता मागे बसून त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. काही बोलावं असं तिला वाटलं, पण चौदा महिने ती जे बोलली नव्हती, ते आज बोलून हलवावं असं वाटेना. द्रावण स्थिर होत असताना ढवळायचं नसतं, हे ती दरवर्षी सातवीला सांगायची.

घरी गिरजाबाईंनी आरमोरीची पिशवी भरायला घेतली होती. वर नवं लुगडं होतं, भावाच्या पोरीसाठी. शेजारच्या सुगंधाबाई ते हातात घेऊन पोत पाहत होत्या. गुणवंतरावांनी सायकल भिंतीला टेकवली. लुगडं पाहिलं. मग ते सरळ स्वयंपाकघरात गेले. चहाचा डबा सरकल्याचा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती. झाकणावर धूळ नव्हती. ती त्यांच्या बाहीला लागली होती.

“कायची शिशी आहे रे ते?” गिरजाबाईंनी विचारलं.

“दवाखान्याची.” ते कांताकडे वळले आणि सुगंधाबाईंनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पेन दे वं जरा. माय, ते लुगडं तू नेस. उद्या सकाळी माही तपासनी आहे.”