दहापैकी सहा

नव्या गाडीची पारख करायला कंपनीनं दहा जणांना बोलावलं होतं. नऊ जण आळीपाळीनं स्टिअरिंगमागे बसून चक्कर मारून आले. दहावा मागचं दार उघडून सरळ मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, चालवायला कोणीतरी द्या.

मुख्य इंजिनियर साहेबांना गंमत वाटली. "काका, तुम्ही तर टॅक्सीवाले. मग मागे कशाला?"

"पुढे मी एकटा बसतो, साहेब. बाकी सगळं जग मागे बसतं."

लोक हसले. त्याची मुलगी याच कंपनीत कामाला होती; भिंतीशी वही घेऊन उभी असलेली ती तेवढी हसली नाही. आपले वडील यादीत आहेत हे तिनं आठवडाभर आधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. याच गाडीचं जुनं मॉडेल एकोणीस वर्षं हाकलेला दुसरा माणूस कुठून आणू, असं म्हणून साहेबांनी ते हसण्यावारी नेलं होतं. साहेबांना हेही माहीत होतं की नव्या गाडीची मागची सीट तिनं केली आहे. दोन वर्षं तिनं त्या सीटवर घालवली होती. गाडी देखणी दिसावी म्हणून टप चार सेंटिमीटर खाली आला. डोकं लागू नये म्हणून तिनं सीटही तेवढीच खाली घेतली. ते इतकं बेमालूम जमलं होतं की चक्कर झाल्यावर मागे बसून पाहणाऱ्या त्या नऊ जणांनी सीटला नऊच्या खाली गुण दिले नव्हते.

टॅक्सीवाला चक्कर मारून आला. उतरला, पुन्हा बसला, पुन्हा उतरला. एकदा उजव्या दारानं, एकदा डाव्या. मग एक गुडघा आखडून, म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत. कोणीतरी घड्याळाकडे पाहिलं. त्यानं मुलीकडे हात केला, तिचा खांद्यावरचा स्वेटर मागून घेतला, त्याची गुंडाळी केली आणि झोपलेलं मूल घ्यावं तशी छातीशी धरून आत बसला. या खेपेला त्याला चटकन उठता आलं नाही. मोकळा हात दारावर चाचपडला, दोन दारांमधल्या खांबावरून घसरला, शेवटी पुढच्या सीटची पाठ धरून तो कसाबसा बाहेर आला. स्वेटर मात्र त्यानं हलू दिला नव्हता.

मग चष्मा लावून तो कागद भरायला बसला. इंजिनाला नऊ. खड्ड्यांतून जाताना गाडी कशी वागते त्याला नऊ. डिकीला आठ. मागच्या सीटला सहा.

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. बाकी कोणालाच काही खटकलं नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं. टॅक्सीवाल्यानं सांगितलं की बाकीचे सगळे चाळिशीच्या आतले आहेत आणि त्यांच्यातल्या एकाच्याही कडेवर पोर नव्हतं. बसायला सीट झकास आहे. उठताना ती माणसाला सोडत नाही. पुढची कड दोन बोटं उचलून हवी आणि खांबाला हात घालायला खोबण हवी, एवढंच.

सगळे मुलीकडे बघू लागले. टप खाली आणायचा निर्णय तिचा नव्हता, हे सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. तिनं वही मिटली.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "मी माणूस बसताना मोजला. उठताना मोजला नाही."

उत्पादनाला सहा आठवडे राहिले आहेत, याची साहेबांनी आठवण करून दिली. तिनं सांगितलं की सांगाड्याला हात लावायची गरज नाही; फोमचा साचा बदलला की कड वर येईल आणि खोबण खांबाच्या आवरणात बसेल. पंधरा दिवस द्या. साहेब तिच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाले, लिहा, पंधरा दिवस.

जाता जाता त्यांना राहवलं नाही. "काका, सीट कोणी केलीये ते ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"म्हणून तर तोंड उघडलं. दुसऱ्या कोणाची असती तर छान आहे म्हणालो असतो आणि चहा पिऊन घरी गेलो असतो."

मुलगी एवढा वेळ वहीत लिहीत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं. टॅक्सीवाला निघून गेला.

टेबलावर त्याचा चष्मा राहिला होता. तो घेऊन ती मागोमाग फाटकापर्यंत धावली. टॅक्सीवाला पहारेकऱ्याच्या खिडकीशी उभा राहून पास परत करत होता. पहारेकऱ्यानं काही विचारलं नव्हतं, तरी तो सांगत होता, "आत ती निळी गाडी आहे ना, नवी. तिची मागची सीट आमच्या मुलीनं केलीये."

"हो का? कशी झालीये?"

तिनं हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं.

"आमच्या मुलीनं केलीये म्हटलं ना," तो म्हणाला.