चाळिसाव्या मेंढीचं पाणी

मेंढीने पिलाला तिसऱ्यांदा ढुशी मारली. पिलू गवतावर बसकण मारून पडले, उठले आणि चार पाय चार दिशांना टाकत पुन्हा तिच्या सडांकडे निघाले. मेंढीने त्याला हुंगले आणि पाठ फिरवली.

"मास्तर," मावशी म्हणाली, "पोराला धुतलं कुणी?"

बाटलीमास्तरांच्या खांद्यावर ओला टॉवेल होता.

मावशी मेंढ्यांच्या गोठ्याची राखणदार. मास्तर शेजारच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता म्हातारे झालेले. गेली दोन वर्षे दोघांचा रिवाज ठरलेला होता. मेंढी व्यायला लागली की मावशीने पिलू बघायचे आणि मास्तरांनी पाणी. पिलू पोटात ज्या पाण्यात तरंगते ते पाणी. त्यात आईच्या रक्तातून झिरपलेले किती, पिलाचे स्वतःचे किती, मीठ किती, साखर किती, याचा मास्तरांनी एक मोठा तक्ता मांडला होता. तक्त्याला चाळीस मेंढ्या हव्या होत्या. एकोणचाळीस झाल्या होत्या. ही चाळिसावी, हंगामातली शेवटची. आणि महिनाअखेरीला मास्तर निवृत्त होणार होते.

आज मेंढी व्याली तेव्हा मावशी नेमकी चारा आणायला गेली होती. मास्तरांनी दोन बाटल्या भरून घेतल्या आणि मग त्यांचे पिलाकडे लक्ष गेले. ते अंगभर चिकट होते, थरथरत होते. मास्तरांना दया आली. त्यांना स्वच्छतेची एकच रीत ठाऊक होती. दोनदा साबणाचे कोमट पाणी, एकदा डिस्टिल्ड वॉटर. मग त्यांनी पिलू टॉवेलने कोरडे केले, फरशीवर फिनाईल ओतले आणि पडलेली वार फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकली. सगळे कसे लख्ख झाले.

"अहो, वासावरनं ओळखतात त्या," मावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "जुनी मेंढी असती तर घेतलंही असतं. ही पहिलटकरीण. तिला काय ठाऊक आपल्याला काय झालंय ते? तिच्या लेखी हे दुकानातनं आणलेलं पोर."

"मग आता?"

"आता काय, मी पाजते बाटलीनं. जगेल. पण बाटलीवरचं पोर कळपात उपरंच राहतं."

मास्तर मामाच्या घरी वाढले होते. मामा-मामींनी कधी काही कमी केले नव्हते. तरी उपरे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकात बघावे लागत नव्हते.

त्यांनी टेबलावरच्या दोन बाटल्यांकडे पाहिले. पोटात पिलाभोवती पाण्याच्या दोन पिशव्या असतात; निळ्या बुचाची बाहेरच्या पिशवीतली, लाल बुचाची पिलाला लगटून असलेल्या आतल्या पिशवीतली. "प्रयोगशाळेत मोठ्या मॅडमना विचारून येऊ का?" ते म्हणाले. तीस वर्षांत न विचारता त्यांनी बूचसुद्धा बदलले नव्हते.

"या की विचारून. तोवर ही त्याला आणखी दोन ढुशा देईल."

मास्तरांनी निळे बूच उघडले. बाहेरच्या पिशवीतले पाणी म्हणजे बरीचशी पिलाची लघवीच, हे त्यांच्याइतके त्या आवारात कुणाला ठाऊक नव्हते. तरी त्यांनी आधी निळीच उघडली. जमले तर लाल वाचेल, असा एक लबाड विचार. त्यांनी पिलाच्या पाठीवर ते पाणी शिंपडले. मेंढीने हुंगले, ती शिंकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हिनंही तक्ता वाचलेला दिसतोय," मावशी म्हणाली.

मास्तरांनी लाल बाटली उजेडात धरली. आतले पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट होते. आईकडून झिरपलेले आणि पिलाच्या लाळेने घट्ट झालेले. कुणाचे किती, ते चाळिसाव्या ओळीत लिहायचे होते. त्यासाठी ही बाटली पुरी लागणार होती, थेंबही कमी चालणार नव्हता.

"एकोणचाळीसच राहतील मग," ते स्वतःशीच पुटपुटले आणि बूच काढून फरशीवर गुडघे टेकले.

त्यांनी बाटली एकदम उपडी केली, तसे निम्मे पाणी पिलाच्या डोक्यावर, पाठीवर पडले आणि निम्मे त्यांच्या मनगटांवरून बाह्यांत गेले. ते तसेच दोन्ही हातांनी पिलाला चोळत राहिले. धुताना चोळले होते तितक्याच निगुतीने.

मेंढीचे कान हलले. ती वळली. तिने नाक पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले. मग तिच्या घशातून एक बारीक, घरघरता आवाज आला. तो तिनेही पहिल्यांदाच ऐकला असावा. तिने पिलाचे डोके चाटले. कान चाटले. पाठ चाटली. पिलू चाचपडत सडापर्यंत पोचले. लगेच त्याची शेपटी जोरजोरात हलू लागली.

"चीक मिळाला," मावशीने हळूच सांगितले. "झालं, मास्तर. सुटलात."

मास्तरांना उठायचे होते, पण उठता येईना. पिलू पीत होते आणि मेंढीने आता त्यांचे मनगट चाटायला घेतले होते. मग बाही. मग बाहीने पुसलेला गाल. तोच घरघरता आवाज काढत, तितक्याच मायेने. मास्तर डोळे मिटून निमूट बसून राहिले. चष्मा नाकावरून घसरला, तोही त्यांनी सावरला नाही.

मावशीने मेंढीच्या पाठीवर थाप मारली.

"पहिल्याच खेपेला जुळं झालं गं बाई तुला," ती म्हणाली. "आणि थोरल्याला चष्मा."