पहिलं सुचेल ते

बाळाला टाकून परीक्षेला जायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. तरी बारावीच्या मानसशास्त्राच्या प्रयोगाला समोर कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनाच बसवलं.

"मी काय वेडी वाटले गं तुला?"

"नाही हो, आई. मी शब्द म्हणेन, तुम्ही पहिलं सुचेल ते सांगायचं."

मोबाइलवर सेकंद मोजत मी सुरुवात केली. "घर?"

"केर."

"मीठ?"

"भाकरी."

"शाळा?"

नऊ सेकंद झाले, दहा, अकरा.

"खिडकी," त्या म्हणाल्या. "धाकट्या भावाला कडेवर घेऊन बाहेर उभी राहायचे मी. पाढे तिथूनच पाठ झाले."

माझ्या मांडीवर बाळ रडू लागलं. त्यांनी हात पुढे केले.

"दे इकडे. पेपर कधी आहे तुझा?"