बाबा नाक मुरडतात

"शी शी शी! मोजे आहेत की मेलेली घूस?"

शेजारच्या गोऱ्या प्रवाशाने मशिदीच्या पायरीवर बूट काढले, तशी गीता आधी बाजूला सरकली आणि मग बाबांनी मफलर नाकाला गच्च दाबला. आपलं मराठी त्या माणसाला कळत नाही, हे नशीब!

पण सासऱ्यांची ती तक्रार ऐकून गीताला बरंच वाटलं.

सकाळी जपानातल्या कावासाकीच्या घरून निघताना नवऱ्याने, सुशीलने, तिला दाराशी बजावलं होतं, "आज नीट लक्ष ठेव. बाबांना वास येतो की नाही, एवढंच बघ." गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या घरी गॅसचं बटण उघडं राहिलं होतं आणि बाबा शेजारच्या खोलीत खुशाल पोथी वाचत बसले होते. शेजारीण अनुराधाताई वास येऊन धावत आल्या म्हणून निभावलं. त्याच्या आधी येऊन गेलेल्या मोठ्या तापानंतर बाबांचं नाकच गेलंय, असा सुशीलला संशय. "डोळा लागला होता रे," यापलीकडे बाबा काही बोलत नव्हते आणि डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. नाक धड असेल तर पुण्याला एकटं राहायची मोकळीक, नाहीतर मुक्काम कायमचा जपानात. तिकडे देवळात रामनवमीची कीर्तनं तोंडावर आली होती. ती बाबांनी आजवर चुकवली नव्हती.

मशीद तुर्की कारागिरांच्या हातची होती. निळ्या घुमटाखाली कुणीतरी सुरात पठण करत होतं. बाबा गालिच्यावर मांडी घालून बसले. त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली, डोळे मिटले.

"अर्थ कळत नाही गं," ते कुजबुजले, "पण गळा खोटा नाही. आमच्या बुवांना ऐकवायला हवा."

निघताना एका तुर्की आजोबांनी दोघांच्या मनगटांवर अत्तर लावलं. तो गोडमिट्ट दर्प गीताच्या कपाळात चढला. तिने डोळे बारीक केले.

"डोकं उठवलं बाई या अत्तराने!" बाबा म्हणाले.

दुपारी उएनोच्या बाजारात तर कहर झाला. बर्फावर मासे आ वासून पडलेले, टोपलीत ऑक्टोपसचे लिबलिबीत पाय एकमेकांत गुंतलेले, आणि त्या सगळ्याचं पाणी पायाखाली चिकचिकत होतं. गीताने नाक चिमटीत धरलं. तिने रुमाल काढला.

"चल चल, पळ इथून!" बाबा ओरडले. "मला ओकारी होईल. नरकात सुद्धा यापेक्षा बरा वास असेल."

"तुम्ही जाऊन आलात वाटतं?"

"सून शहाणी मिळाली की घरबसल्या कळतं."

गीता खळखळून हसली. तिथून चालत ती दोघं हॉटेलवाल्यांच्या सामानाच्या रस्त्याला लागली. कढया, सुऱ्या, लाकडी वाडगे. गर्दी कमी झाली तशी गीता कोपऱ्यावर थांबली आणि बाबा हात मागे बांधून पुढे गेले. तिने सुशीलला मेसेज टाकला: "नाक ठणठणीत आहे. तुझ्यापेक्षा तिखट. दिवसभर मुरडतायत."

लगेच उत्तर आलं: "सुटलो! तिकीट काढतो त्यांचं. रामनवमीच्या आत पोचतील."

थोड्या वेळाने तिकीटही आलं. कधी एकदा बाबांना सांगते, असं तिला झालं. ती जवळजवळ धावतच सुटली.

बाबा एका दुकानापुढे थबकले होते. फळीवर लालभडक माशांचे काप, तळलेली कोळंबी, तेलकट चमकणारे खेकडे ओळीने मांडलेले. त्यांची तिच्याकडे पाठ होती. पावलं ऐकून त्यांनी झटकन मफलर नाकाला लावला.

"लांबच थांब, गीता! शिळं आहे सगळं. भपकारा येतोय नुसता. मला इथूनच मळमळतंय."

दुकानातली मुलगी हसत बाहेर आली. तिने एक खेकडा उचलून गीताच्या तळहातावर ठेवला. तो पिसासारखा हलका होता.

"हॉटेलच्या दर्शनी काचेत मांडायला," ती जपानीत म्हणाली. "सगळं प्लास्टिकचं आहे."