वरच्या घरातली शांतता

वरच्या घरातली सून सासूवर दिवसभर खेकसायची. "आई, गोळी घ्या! आई, कूस बदला!" आवाज असा फाटका, की आम्ही खाली कानांवर हात ठेवायचो. अंथरुणाला खिळलेल्या त्या म्हातारीची मला फार कीव यायची. शेवटी ओरडून ओरडून सुनेचे स्वरतंतू सुजले, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, खोड मोडली.

लेझरने सूज काढली. महिन्याभराने ती जिन्यात भेटली, तर आवाज मऊ, नाजूक, एखाद्या शाळकरी पोरीसारखा.

"छानच झालं गं," मी म्हटलं.

"काकू, डॉक्टरांनी बजावलंय, यापुढे जन्मात ओरडायचं नाही. नाहीतर आहे तोही आवाज जाईल."

"मग सुटल्या म्हणायच्या सासूबाई!"

ती मला वर घेऊन गेली. सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, खालच्या काकू आल्यात."

म्हातारी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "कान कधीच गेले हो माझे. हिचा तेवढा आवाज पोचायचा. आता महिना झाला, नुसते ओठ हलवते. काय चुकलं माझं, तुम्ही तरी विचारा. म्हणावं, एकदा ओरड गं माझ्यावर."